संदेष्ट्यांचं ‘मागे फिरा’ आणि देवाची दया

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ख्रिस्ती मंडळीतल्या तरुणांबरोबर बारा लहान संदेष्टे, म्हणजे जुन्या करारातली संदेष्ट्यांची बारा छोटी पुस्तकं वाचताय. होशेयाच्या सहाव्या अध्यायात लोक म्हणतात, ‘चला, परमेश्वराकडे परत जाऊ’, आणि देव त्यांना जवळ करत नाही. योनाच्या तिसऱ्या अध्यायात अश्शूर साम्राज्यातल्या निनवे शहराची माणसं, तीही परकी, उपास करतात, गोणपाट नेसतात आणि देव ठरवलेलं अरिष्ट आणत नाही. तुमच्या गटातल्या एका मुलीनं विचारलं, ‘मग किती पश्चात्ताप केला की पुरतो?’ दुसऱ्या मुलानं विचारलं, ‘देव बोललेलं फिरवतो, तर त्याच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा?’

मी तीस वर्षांहून जास्त काळ जुना करार शिकवतो आहे, काही वर्षं पाळकांच्या प्रशिक्षणवर्गात आणि बाकी खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत. हे दोन प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर आधी सांगून टाकतो. संदेष्टे पश्चात्तापाचं माप काढत बसत नाहीत. माणूस कोणत्या वाटेनं चाललाय आणि त्याच्या हातात दुसऱ्याचं काय आहे, हे ते बघतात. आणि देवाची दया ही त्या पश्चात्तापाची मजुरी नसते. ती आधीच आलेली असते, म्हणून तर माणसाला वळायला जागा उरते.

आपली अडचण मराठी शब्दापासूनच सुरू होते. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारा ताप. शब्द चांगला आहे, पण तो सगळं लक्ष मनातल्या जळण्याकडे नेतो, आणि ताप म्हटला की तो किती हे बघावंसं वाटतं. तुमच्या मुलीचा प्रश्न तिथूनच आला असावा. संदेष्टे जे क्रियापद वापरतात ते आहे ‘शूब’. हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, ते हजाराहून जास्त वेळा येतं, आणि कितीतरी ठिकाणी त्याचा धर्माशी काही संबंध नसतो. नामी मवाब देशातून बेथलेहेमला परतली, तिथे शूब. नोहाचं कबुतर टेकायला जागा न मिळाल्यानं तारवाकडे परत आलं, तिथेही शूब. पायांचं, रस्त्याचं क्रियापद आहे हे. आपल्याकडे ‘माघारी येणं’ म्हणतात, अगदी तेच. गावाकडची आजी ‘पोर माघारी आली’ म्हणते तेव्हा ती पोरीच्या मनात काय चाललंय ते सांगत नसते. पोर उंबऱ्यात उभी आहे, एवढं सांगत असते.

हेच क्रियापद उलट्या दिशेनंही चालतं. देवाकडे पाठ फिरवणं हेसुद्धा त्याच धातूतून येतं. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात देव हाक मारतो ती हिब्रूत अशी ऐकू येते: ‘शूबा, मशूबा यिस्राएल’. म्हणजे, पाठ फिरवणाऱ्या, आता तोंड फिरव. ही हाक कोणत्या जागी येते तेही बघा. अध्यायाची सुरुवात कायद्यातल्या एका कलमानं होते. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या चोविसाव्या अध्यायाप्रमाणे नवऱ्यानं सोडलेल्या बाईनं दुसरं लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याला तिला परत घेता येत नाही. यिर्मया ते कलम लोकांसमोर ठेवतो, आणि मग देव स्वतः त्या कलमापलीकडे जाऊन म्हणतो, ये. कायद्यानं बंद केलेल्या दारातून ही हाक येते आहे. म्हणून संदेष्ट्यांच्या तोंडचं ‘फिरा’ नुसत्या धमकीसारखं वाचू नका. फिरायला वाट आहे, ही त्यातली मोठी बातमी आहे.

आता होशेय. लोकांचं बोलणं मी हिब्रूवरून जवळपास शब्दशः देतो. ‘चला, परमेश्वराकडे परत जाऊ. त्यानंच फाडलं, तोच बरं करील. त्यानंच मारलं, तोच पट्टी बांधील. दोन दिवसांनी तो आपल्याला जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील. त्याचं येणं पहाटेसारखं पक्कं आहे. तो पावसासारखा आपल्याकडे येईल, जमीन भिजवणाऱ्या शेवटच्या पावसासारखा.’ काही अभ्यासकांना ही प्रार्थना मनापासूनची वाटते. मला ती तशी वाटत नाही, आणि त्याचं कारण या ओव्यांतच आहे. एवढ्या बोलण्यात आपण काय केलं याचा एक शब्द नाही. जखमा आठवतात, त्या कशामुळे झाल्या ते कुणी काढत नाही. आणि देवाची दया त्यांनी हवामानात टाकून दिली आहे: पहाट होतेच, पाऊस येतोच, तसा तोही येईलच. देवाचं उत्तर त्याच हवामानातून येतं. त्यातलं एफ्राइम म्हणजे उत्तरेचं इस्राएल राज्य, आणि यहूदा म्हणजे दक्षिणेचं. ‘एफ्राइम, मी तुझं काय करू? यहूदा, मी तुझं काय करू? तुमचं प्रेम सकाळच्या ढगासारखं आहे, लवकर उडून जाणाऱ्या दवासारखं.’ तुम्ही मला पाऊस म्हणता, आणि तुम्ही स्वतः दव आहात. ‘मला बळी नको, निष्ठेची माया हवी’ हे वाक्य यानंतर दोन ओव्यांनी येतं. तिथला ‘हेसेद’ हा शब्द म्हणजे दिलेल्या नात्याला जागणं. ऊन आलं की दव जातं. हेसेद राहायला हवं.

यानंतर थेट चौदावा अध्याय उघडा. हिब्रूत आणि आपल्या मराठी शास्त्रात तिथे ओव्यांचे आकडे एकानं पुढेमागे होतात, त्यात अडकू नका. तिथे देवच लोकांना प्रार्थना शिकवतो. ‘सोबत शब्द घ्या आणि परमेश्वराकडे परत या.’ कोणते शब्द? ‘अश्शूर आम्हांला वाचवणार नाही. आम्ही घोड्यांवर स्वार होणार नाही. आमच्या हातांनी केलेल्या वस्तूला आम्ही पुन्हा आमचा देव म्हणणार नाही.’ एकेक वाक्य तपासून बघा. अश्शूर म्हणजे त्या काळची महासत्ता. तिला खंडणी भरून आणि तिच्याशी तह करून इस्राएलचे राजे गादी टिकवत होते. घोडे म्हणजे रणबळ, आणि ते बहुतेक मिसराकडून, म्हणजे इजिप्तकडून येत. तिसरी वस्तू म्हणजे मूर्ती. सहाव्या अध्यायात एकही वस्तू सोडायची भाषा नाही, इथे तीन वस्तू नाव घेऊन खाली ठेवल्या आहेत. आणि शेवटचं वाक्य आहे, ‘कारण तुझ्यापाशीच पोरक्याला दया मिळते.’ होशेयाच्या लेकीचं नाव पहिल्या अध्यायात ‘लो-रुहामा’ ठेवलेलं आहे, दया न मिळालेली. पुस्तक संपता संपता तोच धातू पोरक्या माणसाच्या तोंडी परत येतो. मी हे दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी इथे थोडा वेळ बोलू शकत नाही.

निनवेकडे वळू. योनाचा तिथला उपदेश हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचा आहे: अजून चाळीस दिवस, आणि निनवे उलथली जाणार. त्यात ‘जर’ नाही, देवाचं नावही नाही. तरीही लोक विश्वास ठेवतात. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसतो आणि हुकूम काढतो. तुमच्या गटाचं लक्ष उपासाकडे आणि गोणपाटाकडे गेलं. जनावरांनाही गोणपाट घातलं म्हटल्यावर ते जाणारच. पण हुकुमाचं पुढचं वाक्य वाचा: प्रत्येकानं आपल्या वाईट वाटेवरून आणि ‘तळहातांतल्या जुलुमापासून’ मागे फिरावं. त्या काळच्या माणसाला अश्शूरचा जुलूम समजावून सांगायची गरज नव्हती. इस्राएलची राजधानी शोमरोन त्याच साम्राज्यापुढे इ.स.पू. ७२२ मध्ये पडली. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव यरुशलेमच्या लोकांना हेच सांगतो: तुम्ही तळहात पसरता तेव्हा मी डोळे झाकतो, कारण तुमचे हात रक्तानं भरलेत. दोन्हीकडे हिब्रू शब्द एकच आहे, तळहात. प्रार्थनेत वर जातो तोच हात लुबाडतोही, आणि देवाचं लक्ष त्या हाताकडे आहे.

यहुदी गुरूंच्या ध्यानात हे केव्हाच आलं होतं. मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहातल्या उपासांविषयीच्या भागात सांगितलं आहे की अवर्षणात उपास धरला की वडीलधाऱ्यानं उठून लोकांना आठवण द्यावी: निनवेच्या लोकांबद्दल ‘देवानं त्यांचं गोणपाट आणि त्यांचा उपास पाहिला’ असं लिहिलेलं नाही, ‘देवानं त्यांची कामं पाहिली, ते वाईट वाटेवरून मागे फिरले हे पाहिलं’ असं लिहिलं आहे. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद, त्यात त्याच ठिकाणी पुढे येतं की कुणी चोरीची तुळई आपल्या वाड्यात बसवली असेल, तर त्यानं अख्खा वाडा पाडून तुळई मालकाला परत केली. शूब म्हणजे काय, हे मला यापेक्षा स्वच्छ सांगता येत नाही.

एक प्रसंग सांगतो, माझ्या चुकीचाही आहे तो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत जात असे तिथे एक वयस्क शेतकरी होते. दर उत्तम शुक्रवारी आणि दर शिबिरात ते पुढे येऊन गुडघ्यांवर रडत. खरं रडत, त्यात ढोंग नव्हतं. मला त्या रडण्यानं समाधान वाटायचं. वचन पोहोचतंय असं वाटायचं. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मी कधी विचारलं नव्हतं, की धाकटा भाऊ वारल्यावर त्यांनी भावजयीची सही घेऊन तिच्या वाट्याचं दीड एकर आपल्या नावावर करून घेतलं होतं. ती त्याच शेतात मजुरीनं खुरपायला जायची. ते कळल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातली ओवी वाचली: दुष्टानं गहाण परत दिलं, लुबाडलेलं भरून दिलं, तर तो जगेल, मरणार नाही. ते काही बोलले नाहीत. मी चहा न घेताच निघालो. ज्वारीची काढणी झाल्यावर त्यांनी निरोप पाठवला, तालुक्याला साक्षीदार म्हणून येता का. नोंदणीच्या कचेरीत त्या दिवशी ते अजिबात रडले नाहीत. भावजयीनं कागद तीनदा उलटसुलट बघितले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि पिशवी पदराखाली धरली. तिनं त्यांना माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही, तो माझा प्रश्न नव्हता. परतीच्या एसटीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली होती.

हे सांगितलं की कुणीतरी म्हणतं, मग ही तर कर्मानं मिळवलेली दया झाली. इथे होशेयाचा अकरावा अध्याय मदतीला येतो, आणि माझ्या मते संदेष्ट्यांच्या सगळ्या लिखाणाचं काळीज तिथे आहे. देव एफ्राइमला लहान मूल म्हणून आठवतो: मी त्याला चालायला शिकवलं, दंडांना धरलं, वाकून भरवलं. मग शिक्षा सांगतो. आणि मग मध्येच थांबतो. ‘एफ्राइम, मी तुला कसा सोडू? मी तुला अदमासारखं कसं करू, सबोयीमसारखं कसं ठेवू? माझं काळीज माझ्याच आत उलथतंय.’ अदमा आणि सबोयीम ही सदोम-गमोराबरोबर उलथलेली नगरं. उत्पत्तीच्या पुस्तकात सदोम उलथलं तिथे क्रियापद आहे ‘हाफख’. होशेयात देवाच्या काळजाला तेच क्रियापद लागलंय. नगरावर पडायचा उलथापालथीचा घाव देव स्वतःच्या आत घेतो. एफ्राइमनं तोवर काय केलं? काहीच नाही. त्याच अध्यायात लिहिलं आहे की माझे लोक माझ्याकडे पाठ फिरवण्यावरच अडून बसलेत. म्हणजे दया आधी आहे.

आता योनाचे ते पाच शब्द पुन्हा बघा. ‘निनवे उलथली जाणार’ यात हेच क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ नाश होणं असाही होतो, पालटून वेगळं होणं असाही होतो. योनाला पहिला अर्थ हवा होता, घडला दुसरा. निनवे उलथली, फक्त आतून.

यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात हाच एफ्राइम मांडीवर हात मारून घेत रडतो, आणि त्याची विनवणी आहे, ‘मला वळव, म्हणजे मी वळेन.’ फिरायचं बळसुद्धा तो मागून घेतोय. देवाच्या उत्तरातला एक शब्द आपल्याला मराठीत जसाच्या तसा लागतो. देव म्हणतो, ‘त्याच्यासाठी माझी आतडी कळवळतात.’ इतर भाषांत पुष्कळदा याचं हृदय करून टाकतात. आपल्याकडे आई सहज म्हणते, आतडं तुटतं गं. ‘रहमीम’ म्हणजे दया, आणि ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. दोन्ही एकाच धातूचे. पंडिता रमाबाईंनी केडगावला सगळं शास्त्र मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि १९२२ मध्ये जग सोडण्यापूर्वी ते काम पुरं केलं. हिब्रू वाचताना त्यांना अशा जागी काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. ‘जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि नव्या करारातला प्रेमळ’ असं आपल्या मंडळ्यांत सर्रास बोललं जातं. या ओव्या एकदा नीट वाचलेल्या माणसाला तसं पुन्हा म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न, शब्द फिरवण्याचा. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचं भांडं बिघडतं, कुंभार तोच गोळा मोडून दुसरं भांडं घडवतो. मग देव सरळ नियम सांगतो: एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी बोललो आणि ते राष्ट्र वाइटापासून फिरलं, तर मीही अरिष्टापासून फिरेन. उलटही सांगतो: भलं करीन म्हणालो आणि ते वाईट करू लागलं, तर त्या भल्यापासूनही फिरेन. म्हणजे न्यायाची घोषणा हे गाडीचं वेळापत्रक नव्हे. नदीला पूर येतोय म्हणून दवंडी पिटली, लोक उंचावर गेले, कुणी बुडालं नाही, तर दवंडी खोटी ठरत नाही. त्याचसाठी ती होती.

याचा भक्कम पुरावा यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात आहे, आणि तो फार कमी वाचला जातो. यिर्मयानं मंदिराच्या नाशाचं भाकीत केलं म्हणून त्याला मारायला लोक जमलेत. तेव्हा देशातले काही वडील उठतात आणि म्हणतात: मीखानं हिज्कीया राजाच्या काळी सांगितलं होतं की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल. राजानं त्याला मारलं का? राजा परमेश्वराला भ्याला, त्यानं विनवणी केली, आणि परमेश्वर त्या अरिष्टापासून फिरला. त्या घटनेला तोवर सुमारे शंभर वर्षं झाली होती. मीखाचं भाकीत त्या वेळी खरं ठरलं नाही, आणि तरी हे वडील त्याला खोटा संदेष्टा म्हणत नाहीत. त्याच भाकिताच्या बळावर ते यिर्मयाचा जीव वाचवतात. भाकीत न घडणं हेच त्याचं यश, हे यरुशलेमच्या वडीलधाऱ्यांना पाठ होतं.

तुमचा मुलगा हुशार असेल तर तो शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढेल. तिथे ‘नाहम’ हे क्रियापद, म्हणजे मन पालटणं, शौलाला राजा केल्याबद्दल देवासाठी दोनदा येतं, आणि मधल्या एका ओवीत शमुवेल म्हणतो, देव मन पालटत नाही, तो काही माणूस नव्हे. त्यासमोर होशेयाचा अकरावा अध्याय ठेवा: ‘मी माझा भडकलेला कोप चालवणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नव्हे.’ आधार एकच, माणूस नव्हे. एकाकडे त्यावरून निघतं की तो आर्जवांनी वाकत नाही; दुसऱ्याकडे, तो माणसासारखा सूड धरून बसत नाही. मला दोन्ही खरी वाटतात. देवाचा स्वभाव ढळत नाही, आणि तो स्वभावच दयाळू आहे, म्हणून त्याचा निर्णय ढळतो.

यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायाबद्दल इथेच बोलून घेतो. ‘माझे विचार तुमचे विचार नव्हेत’ ही ओवी आपल्याकडे अंत्यविधीला वाचतात, देवाचं गूढ कुणाला कळत नाही या अर्थानं. तिच्या लगेच आधीची ओवी बघा: दुष्टानं आपली वाट सोडावी, परमेश्वराकडे यावं, तो त्याच्यावर दया करील, कारण तो भरपूर क्षमा करतो. त्यापुढे येतं, माझे विचार तुमचे विचार नव्हेत. तुम्ही माफ केलं नसतंत, मी करतो, असा तिचा रोख आहे. शोक करणाऱ्या घरालाही हा अर्थ जास्त धीर देईल.

पण दया गृहीत धरता येत नाही, आणि हे मुलांपासून लपवू नका. आमोस ‘कदाचित’ म्हणतो. निनवेचा राजा म्हणतो, ‘कोण जाणे, देव फिरेलही.’ योएलही तेच शब्द वापरतो. आमोसाच्या सातव्या अध्यायात टोळधाड आणि आग अशा दोन दर्शनांत संदेष्टा नुसता ‘याकोब किती लहान आहे’ म्हणतो आणि देव दोन्ही वेळा फिरतो, लोक वळलेले नसताना. तिसऱ्या दर्शनानंतर आमोस मध्ये पडत नाही. यिर्मयाला तर देव सांगतो, मोशे आणि शमुवेल माझ्यापुढे उभे राहिले तरी आता नाही; मन पालटून पालटून मी थकलोय.

असं कुठपर्यंत येऊन होतं, ते यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात डोळ्यांसमोर दिसतं. साधारण इ.स.पू. ६०४चा थंडीचा महिना. यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय. बारूखनं यिर्मयाच्या तोंडून ऐकून लिहिलेली गुंडाळी राजासमोर वाचली जाते. ती लिहायला लावताना देवाचे शब्द असे होते, कदाचित हे ऐकून ते मागे फिरतील आणि मी त्यांना क्षमा करीन. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखणी तासायच्या चाकूनं तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीनचार, पुन्हा चाकू. इथे कापण्याला हिब्रू क्रियापद आहे ‘कारा’, फाडणं. पुढच्याच ओवीत म्हटलंय, राजानं आणि त्याच्या सेवकांनी कपडे फाडले नाहीत; क्रियापद तेच. त्याचा बाप योशिया, मंदिरात सापडलेला ग्रंथ ऐकून त्यानं कपडे फाडले होते. योएल म्हणतो, कपडे फाडू नका, काळीज फाडा, तिथेही कारा. बापानं कपडे फाडले, मुलानं वचन फाडलं. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम जळालं. निनवेलाही मिळालेली दया कायमचा परवाना नव्हती, इ.स.पू. ६१२ मध्ये ती पडली, आणि नहूमाचं पुस्तक त्यावरच आहे.

योनाचं पुस्तक आपण ख्रिस्ती लोक बहुधा रविवारशाळेत, योनाला गिळणाऱ्या माशासाठी वाचतो. यहुदी लोक ते योम किप्पूरच्या, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारनंतर उपाशीपोटी ऐकतात, आणि शेवटी मीखाच्या तीन ओव्या जोडतात: तुझ्यासारखा देव कोण, तू आमची पापं समुद्राच्या तळाशी टाकशील. हे आपल्यापासून लांब नाही. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांच्या घरांत या दिवसाला ‘दार बंद करण्याचा सण’ अशा अर्थाचं जुनं नाव होतं. दिवसभर दार लावून, पांढरे कपडे घालून ते उपास धरत. आणि मुंबईत मांडवीला सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनामंदिराचं नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. मशीद स्टेशनचं नाव त्याच जुन्या मंदिरावरून पडलं आहे. बंद दार आणि दयेचं दार ही दोन्ही नावं एकाच लहानशा मराठी समाजानं जपली, याचं मला फार अप्रूप आहे. तुमच्या गटाला जवळपासच्या एखाद्या बेने इस्रायली कुटुंबाशी बोलता आलं तर जरूर बोला. ही पुस्तकं आधी त्यांची आहेत.

पुढच्या बैठकीसाठी एवढंच करा. होशेयाचा सहावा आणि चौदावा अध्याय मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या, एक गट सहावा, दुसरा चौदावा, मध्ये काही न बोलता. मग दोन कागद द्या आणि प्रत्येक प्रार्थनेत लोक काय मागतात, काय सोडतात ते लिहायला सांगा. पहिल्या कागदावर ‘सोडतात’खाली जागा रिकामी राहील. ती मुलांनाच दिसू द्या, तुम्ही सांगू नका. ‘किती’ विचारणाऱ्या मुलीच्या हाती दुसरा कागद द्या.